टाळ्यांचा कौल आणि कराराचा कागद

२१ जानेवारी १९५७ ह्या दिवशी रात्री न्यूयॉर्कमधील एका दूरचित्रवाणी-कार्यक्रमात व्हर्जिनिया राज्यातील चोवीस वर्षांची एक तरुणी गावयास उभी राहिली. गाणे संपताच प्रेक्षकांनी टाळ्यांचा असा कडकडाट केला की, त्या रात्रीच्या स्पर्धेचा निकाल कोणी सांगण्याची गरजच उरली नाही. ही तरुणी म्हणजे पॅट्सी क्लाइन. त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात तिची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका बाजारात आली. अमेरिकेतील ज्या संगीताला ‘कंट्री’ म्हणजे गावाकडचे संगीत म्हणतात, त्याच्या इतिहासात ह्या गायिकेचे स्थान आज पहिल्या रांगेत आहे. तेव्हा स्पर्धेतील विजय, त्यामागोमाग ध्वनिमुद्रिका आणि त्यामागोमाग कीर्ती, अशी ही सरळ चढण असावी अशी कोणाचीही समजूत होईल. वस्तुस्थिती तशी नव्हती. विजयानंतरची ती पहिली ध्वनिमुद्रिका बाजारात पडून राहिली, आणि पुढची जवळजवळ चार वर्षे ह्या विजयी गायिकेला लोक विसरल्यासारखे झाले. असे का व्हावे, ह्याचा शोध घेण्याचे आम्ही येथे योजिले आहे. हा शोध घेताना गायनकलेपेक्षा कागदपत्रांचाच विचार अधिक करावा लागेल. परंतु कलेच्या इतिहासात कागदपत्रांचा भाग आपण समजतो त्याहून पुष्कळच मोठा असतो.

१

ह्या संगीताचा बाजार कसा उभा राहिला हे प्रथम पाहिले पाहिजे. अमेरिकेच्या आग्नेय भागात ॲपलेशियन डोंगरांच्या रांगा आहेत. इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड येथून आलेल्या वसाहतवाल्यांनी आपल्याबरोबर आणलेली कथागीते, चर्चमधील भजने, फिडलवर वाजणाऱ्या नाचाच्या धुना आणि आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे बँजो हे वाद्य व त्यांची गायनरीती, ह्या सर्वांच्या मिश्रणातून तेथे एक लोकसंगीत तयार झाले होते. ते घराच्या ओट्यावर, धान्याच्या कोठारात आणि जत्रेत गायिले जाई. त्याला किंमत असू शकते ही कल्पना गाणाऱ्यांच्या मनात क्वचितच आली असेल.

ती कल्पना आली शहरातील व्यापाऱ्यांच्या मनात. १९२५ साली टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरात एका विमा कंपनीने रेडिओ केंद्र काढले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यावर गावाकडच्या वादनाचा एक साप्ताहिक कार्यक्रम सुरू केला. तोच पुढे ‘ग्रँड ओल ऑप्री’ ह्या नावाने प्रसिद्ध झाला. विम्याचे हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीला खेड्यापाड्यांतील घरांत शिरण्यासाठी फिडलइतके चांगले साधन दुसरे सापडले नसते. दोन वर्षांनी, १९२७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये, व्हिक्टर कंपनीतर्फे राल्फ पीअर नावाचा गृहस्थ टेनेसी आणि व्हर्जिनिया ह्यांच्या सीमेवरील ब्रिस्टल गावी ध्वनिमुद्रणाची यंत्रे घेऊन आला. आसपासच्या डोंगरांतून गाणारी माणसे त्याच्यापुढे येऊन गाऊ लागली. त्यांतच कार्टर कुटुंब होते आणि रेल्वेत नोकरी केलेला जिमी रॉजर्स हाही होता. हे दोन्ही शोध एकाच आठवड्यातील. म्हणून ब्रिस्टलच्या त्या दिवसांना कंट्री संगीताचा आरंभबिंदू मानण्याची पद्धत पडली आहे.

परंतु ह्या आरंभाची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. पीअर हा व्हिक्टर कंपनीकडून जवळजवळ नाममात्र वेतन घेत असे. त्याच्या मोबदल्यात त्याने एकच गोष्ट मागून घेतली होती: मुद्रित होणाऱ्या गीतांचे प्रकाशनाधिकार. गाणाऱ्याला एका गाण्याचे सुमारे ५० डॉलर रोख मिळत, व विक्रीवर थोडा हिस्सा मिळे. डोंगरातील शेतकऱ्याला ५० डॉलर ही लहान रक्कम नव्हती. तो संतुष्ट होऊन घरी जाई. गीताची मालकी मात्र पीअरकडे राही. आवाज ज्याचा त्याला रोकड, आणि गीत ज्याच्या नावावर त्याला कायमचे उत्पन्न, ही वाटणी अशा रीतीने पाळण्यातच ठरून गेली. पॅट्सी क्लाइनच्या कहाणीचे मूळ येथे आहे.

२

पॅट्सीचे मूळ नाव व्हर्जिनिया पॅटरसन हेन्सली. तिचा जन्म ८ सप्टेंबर १९३२ रोजी व्हर्जिनिया राज्यातील विंचेस्टर येथे झाला. वडील लोहारकाम करीत. आई हिल्डा ही शिवणकाम करी. पॅट्सी तेरा वर्षांची असताना तिला घशाचा विकार व सांधेतापाचा मोठा आजार झाला. त्यातून उठल्यानंतर आपला आवाज भारी व भरदार झाला असे ती पुढे सांगत असे. ती पंधरा वर्षांची होण्याच्या सुमारास वडील घर सोडून गेले. मुलीने शाळा सोडली आणि गावातील एका औषधांच्या दुकानात, जेथे सरबत व सोडावॉटरही मिळे, नोकरी धरली. दिवसा दुकान आणि रात्री आसपासच्या गावांतील नाचघरे व क्लब ह्यांतून गाणे, असा तिचा क्रम सुरू झाला. स्वरलिपी तिला वाचता येत नव्हती. जे होते ते कानावरचे होते. रात्री गावयाचे कपडे आई शिवून देई. ते गुराखी पद्धतीचे, झालरी लावलेले आणि भरतकाम केलेले असत. ‘पॅट्सी’ हे नाव, पॅटरसन ह्या मधल्या नावावरून, तिला ज्या वाद्यवृंदात ती गात असे त्याच्या प्रमुखाने दिले. ‘क्लाइन’ हे १९५३ मध्ये झालेल्या पहिल्या विवाहातून आले. म्हणजे ज्या नावाने जग तिला ओळखते त्यातील एकही शब्द तिला सर्वस्वी आपल्या घरून मिळालेला नव्हता.

सप्टेंबर १९५४ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तिने कॅलिफोर्नियातील ‘फोर स्टार’ ह्या कंपनीशी करार केला. कंपनीचा चालक बिल मॅकॉल. करारातील मुख्य अट अशी की, फोर स्टारच्या मालकीची जी गीते असतील तीच तिने गावी; बाहेरचे गीत घ्यावयाचे झाल्यास मॅकॉलची संमती असली पाहिजे. ध्वनिमुद्रणाचा खर्च तिच्या हिशेबात लिहिला जाई आणि तो फिटल्याशिवाय तिच्या हाती काही पडत नसे. फोर स्टारने ही ध्वनिमुद्रणे स्वतः न विकता ‘डेका’ ह्या मोठ्या कंपनीला वापरावयास दिली. त्यामुळे तबकडीवर नाव डेकाचे, निर्मितीची देखरेख डेकाच्या ओवेन ब्रॅडली ह्या नॅशव्हिलच्या कुशल संगीतकाराची, आणि गीतांची निवड मात्र मॅकॉलच्या कपाटातून, असा त्रिस्थळी कारभार सुरू झाला.

ज्यांच्या हाताखालून करारनामे आणि शर्तींचे मसुदे जातात अशा आपल्या वाचकांना ह्यातील मख्खी लगेच ध्यानी येईल. अशा करारात कंपनीचे हित उत्तम गीत शोधण्यात नसते. स्वतःच्या मालकीचे कोणतेही गीत गायिले गेले की तिचे काम होते. कारण तबकडीवरचा हिस्सा तिला दोन्ही बाजूंनी मिळतो, गायिकेच्या करारातून एक आणि गीताच्या प्रकाशनाधिकारातून दुसरा. उत्तम गीत बाहेरच्या प्रकाशकाचे असेल, तर ते यशस्वी होऊनही दुसरा हिस्सा बाहेर जाणार. ज्याच्या हाती निवड आहे त्याला चांगल्या निवडीचे पुरेसे कारण नाही, असा हा करार होता. मॅकॉल दुष्ट होता की नाही हा प्रश्न येथे गौण आहे. सज्जन माणूसही अशा कराराच्या गादीवर बसला तरी बहुधा तेच करील.

१९५५ व १९५६ ह्या दोन वर्षांत तिच्या चार तबकड्या निघाल्या. एकीलाही यश आले नाही.

३

ह्या स्थितीत तिला आर्थर गॉडफ्री ह्याच्या ‘टॅलंट स्काउट्स’ ह्या कार्यक्रमाचे निमंत्रण मिळाले. गॉडफ्री हा त्या काळी अमेरिकेतील अत्यंत लोकप्रिय निवेदक. हा कार्यक्रम १९४६ मध्ये रेडिओवर आणि १९४८ च्या अखेरीस दूरचित्रवाणीवर सुरू झाला. एका चहाच्या कंपनीच्या आश्रयाने तो चाले. त्याची रचना अशी: कोणी एक ‘पारखी’ आपण शोधून काढलेल्या नवोदिताची ओळख करून द्यावयाचा, नवोदिताने आपली कला दाखवावयाची, आणि प्रेक्षकांच्या टाळ्या यंत्राने मोजून विजयी कोण ते ठरवावयाचे. विजेत्याला गॉडफ्रीच्या रोजच्या सकाळच्या कार्यक्रमात काही दिवस गाण्याची संधी मिळे. पॅट बून, मग्वायर भगिनी असे पुढे गाजलेले अनेक कलावंत ह्याच मार्गाने पुढे आले. पण ह्याच कार्यक्रमाच्या चाळणीतून एल्विस प्रेस्ली प्राथमिक चाचणीतच गळाला होता, हेही लक्षात ठेवावयास हवे. टाळ्या मोजणारे यंत्र चोख असले, तरी यंत्रापुढे कोण उभे राहावयाचे हे माणसेच ठरवितात.

पॅट्सीची ‘पारखी’ म्हणून कोण उभे राहिले? तिची आई. नियमाप्रमाणे नातलगाला ही भूमिका करता येत नसे. परंतु मुलीचे आडनाव लग्नामुळे बदललेले, तेव्हा हिल्डा हेन्सली ह्या बाई पॅट्सी क्लाइन ह्या मुलीच्या कोणी लागत असतील हे कागदावरून कळण्यासारखे नव्हते. हिला तुम्ही जन्मापासून ओळखता काय, अशा अर्थाचे गॉडफ्रीने विचारले, तेव्हा बाईंनी जवळजवळ तसेच म्हणावयास हरकत नाही अशा अर्थाचे उत्तर दिले. उत्तर खोटे नव्हते आणि पुरते खरेही नव्हते. ज्या बाईने शिवणाच्या मशीनवर मुलीचे आयुष्य उभे केले, तिला मुलीची पारख करण्याचा अधिकार नियमाने नाकारला होता. तो तिने शब्दांच्या फटीतून मिळविला. शिस्तीच्या दृष्टीने हा दोष होय. तथापि त्या रात्री मंचावरील सर्व पारख्यांत खरी पारखी तीच होती, हेही तितकेच खरे.

कार्यक्रमाच्या चालकांनी दोन गोष्टी बदलल्या. पॅट्सी व ब्रॅडली ह्यांच्या मनात दुसरे गीत होते. चालकांनी ‘वॉकिंग आफ्टर मिडनाइट’ हे गाणे निवडले. ॲलन ब्लॉक व डॉन हेक्ट ह्यांचे हे गीत नॅशव्हिलला नोव्हेंबर १९५६ मध्ये मुद्रित झालेले होते, पण तबकडी अद्याप निघाली नव्हती. पॅट्सीला ते मुळीच आवडले नव्हते; ते कंट्रीपेक्षा शहरी ‘पॉप’ वळणाचे आहे अशी तिची तक्रार होती. दुसरी गोष्ट पोशाखाची. आईने शिवलेला झालरीचा पोशाख चालकांना नको होता. गाणे शहरी थाटाचे आहे, तेव्हा पेहरावही शहरातील संध्याकाळच्या मेजवानीस शोभेल असा हवा, असे त्यांचे म्हणणे पडले. झालरी उतरल्या आणि ती गायिली. निकाल आपण वर पाहिलाच आहे.

पोशाखाची ही बाब किरकोळ नाही. कंट्री संगीताला ‘हिलबिली’, म्हणजे डोंगरातला गावंढळ, हे हिणकस नाव बरीच वर्षे चिकटून होते. त्या नावाचा कलंक धुण्याच्या दोन रीती होत्या. एक, झालरी व बूट अभिमानाने मिरवावयाचे; दुसरी, ते उतरवून शहरासारखे दिसावयाचे. गॉडफ्रीच्या मंचावर दुसरी रीत जिंकली. आपल्या मुलखापासून दूर, राजधानीत किंवा परप्रांतीच्या गावी ज्यांना वर्षानुवर्षे राहावे लागते, त्यांना ह्या पेचाची कल्पना द्यावयास नको. कचेरीत कोणत्या वळणाने बोलावे, घरी कोणत्या, आणि पहिले वळण दुसऱ्यात कधी शिरले हे कळू नये, हा अनुभव थोड्याबहुत फरकाने सर्वांचा आहे. पॅट्सीच्या बाबतीत नवल असे की, पोशाख बदलला तरी आवाज बदलला नाही. शब्दाच्या शेवटी स्वर किंचित तुटल्यासारखा करून तो हुंदक्याकडे नेण्याची तिची लकब विंचेस्टरच्या नाचघरांतूनच आलेली होती, आणि त्या शहरी पेहरावातही ती जशीच्या तशी ऐकू आली. लोकांनी टाळ्या दिल्या त्या त्या लकबीला, असे आम्हास वाटते.

४

ह्या प्रतिसादामुळे डेकाने घाईने ११ फेब्रुवारी १९५७ रोजी ‘वॉकिंग आफ्टर मिडनाइट’ची तबकडी काढली. ‘बिलबोर्ड’ ह्या व्यावसायिक पत्राच्या कंट्री गाण्यांच्या यादीत ती दुसऱ्या क्रमांकापर्यंत आणि सर्वसाधारण पॉप यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत गेली. गावाकडच्या गायिकेचे गाणे शहरी यादीत इतके वर जावे, ही त्या काळी असाधारण गोष्ट होती. आता दीर्घ ध्वनिमुद्रिका काढणे क्रमप्राप्तच होते.

दीर्घ ध्वनिमुद्रिका हा प्रकार तेव्हा नवाच होता. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावत असे. अशा अनेक तबकड्या पुठ्ठ्याच्या बांधणीत, छायाचित्रांच्या संग्रहाप्रमाणे, एकत्र विकत. म्हणून त्या संचास ‘आल्बम’ म्हणत. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी मोठी तबकडी आणली आणि अख्खा संच एका तबकडीत मावू लागला. नाव मात्र आल्बमच राहिले. ही मोठी तबकडी मुख्यतः शहरातील सधन श्रोता घेई. कंट्री संगीताचा श्रोता अजून एकेका गाण्याची लहान तबकडीच घेत होता, किंवा उपाहारगृहातील यंत्रात नाणे टाकून ती ऐकत होता. म्हणजे पॅट्सीची पहिली मोठी ध्वनिमुद्रिका ज्या ग्राहकासाठी होती तो तिचा नेहमीचा श्रोता नव्हता. आणि जो नेहमीचा होता तो ह्या वस्तूचा ग्राहक नव्हता.

५ ऑगस्ट १९५७ रोजी ती प्रसिद्ध झाली. नाव साधेच, ‘पॅट्सी क्लाइन’. एकूण बारा गाणी. काही नॅशव्हिलला मुद्रित झालेली, काही न्यूयॉर्कला. ‘वॉकिंग आफ्टर मिडनाइट’ हे त्यांतील एक. उरलेली अकरा ऐकताना करार स्पष्ट दिसतो. एक गाणे कंट्री वळणाचे, दुसरे त्या वेळी धुमाकूळ घालीत असलेल्या रॉक-अँड-रोलच्या चालीचे, तिसरे शहरी प्रेमगीत. ‘थ्री सिगरेट्स इन ॲन ॲशट्रे’ ह्यासारखे एखादे गीत मनात घर करते. एका टेबलावरील दोन माणसांच्या मध्ये तिसरे येऊन बसते तेव्हा काय होते हे त्यात एका राखदाणीवरून सांगितले आहे. पण एकूण संग्रहात गायिका जणू एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हिंडत आहे आणि तिची स्वतःची खोली कोणती हे कोणालाच माहीत नाही, असा भास होतो. आवाज सर्वत्र उत्तम आहे. त्या आवाजाला पेलेल असे सांगणे मात्र बहुतेक गीतांत नाही.

ध्वनिमुद्रिका चालली नाही. त्यानंतर १९६० पर्यंत निघालेल्या लहान तबकड्याही चालल्या नाहीत. फोर स्टारच्या करारात तिने पन्नासच्या आसपास गाणी मुद्रित केली. खरे यश त्यांतील एकाच गाण्याला मिळाले. ह्या काळात तिचा पहिला विवाह संपला, दुसरा झाला, १९५८ मध्ये मुलगी झाली. स्पर्धेतील विजयाने तिचे नाव घराघरांत नेले होते. कराराने त्या नावाखाली लिहावयास काही दिले नाही.

ह्यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे, आणि तो डावलणे योग्य होणार नाही. सर्व दोष कराराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. १९५६ ते १९५८ ही वर्षे सर्वच कंट्री गायकांना कठीण गेली. तरुण श्रोता प्रेस्लीमागे गेला होता. ब्रॅडलीही अजून चाचपडत होता. फिडल व स्टील गिटार मागे ठेवून त्यांच्या जागी मंद वृंदगान, पियानो व पुढे व्हायोलिनसमूह आणणारी जी रीत ‘नॅशव्हिल ध्वनी’ म्हणून नावाजली, ती तेव्हा घडत होती. शिवाय पॅट्सीची स्वतःची निवड तरी नेहमी अचूक होती काय? जे गाणे तिला नकोसे होते त्यानेच तिला हात दिला. तेव्हा तिला पूर्ण मोकळीक असती तर ती यशस्वी झालीच असती, असे ठामपणे म्हणता येत नाही.

५

ह्या आक्षेपाचे उत्तर पुढील घटनांनीच दिले. १९५९ मध्ये ती नॅशव्हिलला राहावयास गेली व जानेवारी १९६० मध्ये ग्रँड ओल ऑप्रीची सदस्य झाली. त्याच वर्षी फोर स्टारचा करार संपला आणि तिने थेट डेकाशी करार केला. निर्माता तोच ब्रॅडली, गायिका तीच, शहर तेच. बदलली ती एकच गोष्ट: गीत कोणाच्याही मालकीचे असले तरी आता चालणार होते. नोव्हेंबर १९६० मध्ये, नव्या कराराखालील पहिल्याच ध्वनिमुद्रणात, हॅन्क कॉक्रन व हार्लन हॉवर्ड ह्या दोघांनी लिहिलेले ‘आय फॉल टु पीसेस’ तिने गायिले, आणि १९६१ च्या उन्हाळ्यात ते कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. १४ जून १९६१ रोजी मोटार-अपघातात ती मरता मरता वाचली. कपाळावर व्रण आणि बरगड्यांत वेदना घेऊनच ऑगस्टमध्ये तिने, तेव्हा फारसा कोणाला माहीत नसलेल्या विली नेल्सनचे ‘क्रेझी’ मुद्रित केले. ते कंट्री यादीत दुसरे व पॉप यादीत नववे आले.

नवल असे की, ही दोन्ही गाणी तिला आरंभी आवडली नव्हती. ब्रॅडलीने मन वळविले तेव्हा तिने ती गायिली. म्हणजे कलावंताचे स्वातंत्र्य हे केवळ मनाला येईल ते गाण्याचे स्वातंत्र्य नव्हे. आसपास जे उत्तम लिहिले जात आहे ते सर्व आपल्यापुढे यावे, आणि त्यातून निवडताना ज्याचे हित आपल्या हितापासून वेगळे नाही असा एक जाणता माणूस शेजारी असावा, ह्याचे नाव स्वातंत्र्य. जुन्या कराराने तिच्याकडून गीत निवडण्याचा हक्क काढून घेतला होता हे खरे. पण त्याहून मोठे नुकसान म्हणजे कॉक्रन, हॉवर्ड, नेल्सन अशा लेखकांचा तिच्यापर्यंत येण्याचा रस्ता त्याने बंद ठेवला होता. ब्रॅडलीची कुशलता १९५७ मध्येही होतीच. तिला काम करावयास सामग्री मिळाली ती १९६० नंतर.

नोव्हेंबर १९६१ मध्ये तिची दुसरी दीर्घ ध्वनिमुद्रिका निघाली आणि १९६२ मध्ये तिसरी. ५ मार्च १९६३ रोजी, कॅन्सस सिटी येथे एका मृत सहकाऱ्याच्या कुटुंबासाठी झालेल्या मदतीच्या कार्यक्रमात गाऊन परतताना, टेनेसीतील कॅम्डेनजवळ तिचे लहान विमान कोसळले. तिच्याबरोबर कौबॉय कोपस, हॉकशॉ हॉकिन्स हे गायक आणि वैमानिक रॅन्डी ह्यूज हेही गेले. ती तीस वर्षांची होती. विजयापासून मृत्यूपर्यंत तिला सहा वर्षे मिळाली. त्यांतील जवळजवळ चार जुन्या कराराने खाल्ली. हा हिशेब मांडताना मन खिन्न होते. १९६७ मध्ये निघालेल्या तिच्या निवडक गाण्यांच्या संग्रहाच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या, आणि १९७३ मध्ये कंट्री संगीताच्या सन्मान-मंदिरात प्रवेश मिळविणारी ती पहिली एकल गायिका ठरली. त्या चार वर्षांची भरपाई ह्यातील कशानेही होत नाही.

६

ह्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी तोच प्रसंग पुन्हा घडला. ओक्लाहोमा राज्यातील चेकोटा ह्या लहान गावची कॅरी अंडरवुड ही तरुणी मे २००५ मध्ये ‘अमेरिकन आयडॉल’ ह्या दूरचित्रवाणी-स्पर्धेत विजयी झाली. टाळ्या मोजणाऱ्या यंत्राची जागा आता दूरध्वनीवरील मतांनी घेतली होती. १५ नोव्हेंबर २००५ रोजी तिची पहिली ध्वनिमुद्रिका ‘सम हार्ट्स’ निघाली आणि अमेरिकेत तिच्या कित्येक लाख प्रती खपल्या. पॅट्सीच्या विजयात व ध्वनिमुद्रिकेत साडेसहा महिन्यांचे अंतर होते, कॅरीच्या बाबतीत सहा महिन्यांहून थोडे कमी. घाई दोन्हीकडे सारखीच. फरक पडला तो ह्यात की, २००५ मध्ये नॅशव्हिलमधील नामवंत गीतकारांची गीते ह्या नव्या मुलीसाठी मागविता आली. ‘जीझस, टेक द व्हील’ हे त्यांतलेच, आणि ते कंट्री यादीत पहिले आले. आजच्या स्पर्धांतही करार असतात, किंबहुना ते स्पर्धेत उतरण्यापूर्वीच करून घेतले जातात आणि व्यवस्थापन व ध्वनिमुद्रण ह्या दोहोंना व्यापतात. त्यांत गायकाचे हित किती पाहिले जाते हा वादाचा विषय आहे. परंतु गायकाला केवळ स्वतःच्या कपाटातील गीते गावयास लावून कंपनीचा अंतिम फायदा होत नाही, हा धडा धंद्याने शिकला आहे, आणि तो ज्यांच्या नुकसानीतून शिकला त्यांत विंचेस्टरची ही शिवणकामवालीची मुलगी आहे.

स्पर्धा कलावंताला लोकांचा कान मिळवून देते. तो थोडा वेळ मिळतो. त्या थोड्या वेळात लोकांच्या कानी काय घालावयाचे हे स्पर्धेत ठरत नाही. ते पूर्वीच सही झालेल्या कागदांत ठरलेले असते. पॅट्सीने सही केली तेव्हा ती बाविशीची होती आणि दोन वेळच्या जेवणाच्या काळजीत होती. तिने सही करण्यापूर्वी कागद नीट वाचला होता काय, असा प्रश्न विचारणे सोपे आहे. तिच्यापुढे दुसरा कागद होता काय, हा प्रश्न अधिक न्याय्य आहे.

ज्यांना ह्या विवेचनाची परीक्षा घ्यावयाची असेल त्यांच्यासाठी एक सोपे साधन आहे. १९६१ च्या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेसाठी पॅट्सीने ‘वॉकिंग आफ्टर मिडनाइट’ पुन्हा गायिले. दोन्ही मुद्रणे आज सहज मिळतात. ती लागोपाठ ऐकावीत. शब्द तेच, चाल तीच, निर्माता तोच. १९५६ च्या मुद्रणात एक मुलगी मध्यरात्री कोणाला तरी शोधीत झपाझप चालली आहे. १९६१ च्या मुद्रणात ती सावकाश चालते, कारण रस्ता आता तिच्या ओळखीचा झाला आहे.